आईचा तिसरा रकाना

घाण यायची ती बहुतेक संध्याकाळी. वारा फिरला की डम्पिंगचा, म्हणजे पलीकडच्या कचऱ्याच्या डोंगराचा, वास सरळ आमच्या बिल्डिंगवर चालून यायचा, आणि मग तळमजल्यापासून वरपर्यंत खिडक्या लागल्याचे आवाज यायचे, फटाफट, एकामागून एक. कांजूरमार्गला राहिलेल्या माणसाला यातलं काही सांगावं लागत नाही. बायका गॅसवरची कढई सोडून खिडकीकडे धावायच्या, पुरुष कोणाला तरी शिव्या द्यायच्या म्हणून द्यायचे, आणि घरात पाहुणे असले तर यजमान असा चेहरा करायचे की जणू हे आजच झालंय. मी चौदा वर्षांची असताना, त्या एका वर्षात, अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच प्राणी अशा वेळी उघड्या खिडकीत बसून निवांत शेंगदाणे खायचा. ती मी. माझं नाक गेलं होतं. जागेवर होतं, पण काम करत नव्हतं. "तुझी मज्जा आहे यार," शेजारची रोहिणी नाकाला ओढणी लावून म्हणायची. आम्ही एकाच वर्गात होतो आणि तिसऱ्या मजल्यावर आमचे दरवाजे समोरासमोर होते. मीही म्हणायची, आहेच मुळी. शेंगदाण्यांची चव लागत नव्हती हे मात्र मी तिला सांगत नव्हते.

आता चाळीस वर्षांनी, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी लोक मला त्या वर्षाबद्दल विचारतात तेव्हा आवाज खाली आणून विचारतात. कोविडनंतर पोर महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली म्हणजे मोठं दुःखाचं प्रकरण असणार, अशी त्यांची समजूत. त्यांना काय सांगू? मी रडले ते खरं, आणि भरपूर रडले. पण आमच्या घरात त्या वर्षाइतकं हसणं नंतर कधी झालं नाही, हेही तेवढंच खरं. याला कारण माझे आईबाबा, आणि ते दोघंही काही विनोद करणारी माणसं नव्हती.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. घाटकोपर-मुलुंडच्या मोठमोठ्या टॉवरांच्या लिफ्टी चालत्या ठेवायच्या आणि स्वतः राहायचं ते लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. याची त्यांना अजिबात खंत नव्हती. ते मूळचे मालवणकडचे, आणि इतकी वर्षं मुंबईत काढूनही घरात मालवणीच बोलायचे. आई जन्माने मुंबईची, तिचं बोलणं म्हणजे टकाटक, एक घाव दोन तुकडे. ती आरोग्य सेविका होती. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, आणि वहीपेक्षा जाड, खाकी पुठ्ठ्याचं रजिस्टर. आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या घरांत जायचं, कोणाला ताप आहे, कोणाची लस राहिली, कोण गरोदर आहे ते लिहायचं. तिच्या घरांच्या यादीत आमचंही घर होतं. तिथेही ती नियमानेच भेट द्यायची. म्हणजे खरंच पिशवी घेऊन बाहेर जायची, दार ओढून घ्यायची, आणि मग कडी वाजवायची. "नमस्कार. आरोग्य केंद्रातून आलेय. घरात कोणी आजारी आहे का?" बाबा बनियनवर दार उघडून गंभीरपणे म्हणायचे, "बायको लय तापता. बाकी सगळी बरी आसत." आई हे लिहून घ्यायची नाही, पण हसायचीही नाही.

मला ताप आला आणि गेला. घरात सगळ्यांनाच आला होता, पण बाकीच्यांचा जसा आला तसा गेला. विलगीकरणाचे ठरलेले दिवस भरले, तेव्हा आईने कडी वाजवली, माझ्या काखेत थर्मामीटर लावला, तो बघितला आणि रजिस्टर उघडलं. तापानंतर काय झालं हे लिहायला त्यात दोनच रकाने होते: ‘बरे झाले’ आणि ‘दगावले’. मी दगावले नव्हते. तेव्हा आईने माझ्या नावापुढे पहिल्या रकान्यात तिची ती ठसठशीत टिक केली. रिकामी चौकट तिला बघवायची नाही. दुसऱ्या सेविकांच्या रजिस्टरमध्ये जागा सुटलेल्या असायच्या, आईचं रजिस्टर आरोग्य केंद्रात नमुना म्हणून दाखवायचे. तिने टिक केली तेव्हा मी पलंगावर उताणी पडले होते आणि पंख्याच्या पाती मोजायच्या म्हटलं तरी माझं डोकं दुखत होतं. पण विचारलं कोणी? ताप नव्हता, म्हणजे मी बरी होते.

शाळा पुन्हा भरायला लागल्या होत्या. पहिल्या दिवशी मी गेले, दोन तास बसले, तिसऱ्या तासाला माझी अक्षरं वाकडी व्हायला लागली, घरी आले आणि पुढचे चार दिवस उठलेच नाही. बरं वाटलं की मी पुन्हा जायची आणि पुन्हा आडवी व्हायची. नातेवाईक म्हणाले, आळस आहे. एक आत्या म्हणाली, मोबाईलमुळे. बाबा मात्र माझ्या उशाशी बसून बराच वेळ बघत राहिले, बंद पडलेल्या लिफ्टकडे बघायचे तसे, आणि मग म्हणाले, "चेडवा, लिफ्टीत किती माणसा चढतली ता पाटीर लिवलेला आसता ना? एक जास्त चढला, की घंटी वाजता. मगे लिफ्ट हलणा नाय. ती काय खराब नाय झालेली. तुझी पाटी सध्या ल्हान आसा, इतक्याच." मला त्या दिवसापर्यंत कोणी इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात ‘घंटी’ हा शब्द लागू झाला. केस धुतले की शाळा नाही, शाळा झाली की गप्पा नाहीत. माझा चेहरा पडायला लागला की आई ताटावरूनच म्हणायची, "घंटी वाजली हिची, उचला." मग बाबा मला उचलून पलंगावर ठेवायचे. शाळेतून आले की खालून तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्या पाठीवर. चौदा वर्षांची घोडी बापाच्या पाठीवर, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि हे गृहस्थ प्रत्येक मजल्यावर थांबून मोठ्याने पुकारा करायचे, "पयलो मजलो. उतरणारे उतरा." पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून खरंच विचारायच्या, "वर जागा आहे का?"

नाकाचा बंदोबस्त आईने स्वतःकडे घेतला होता. रोज दुपारी ती तव्यावर सुकट भाजायची आणि तवाच माझ्या नाकाखाली धरायची. ज्यांनी बंद घरात सुकट भाजलेली अनुभवली आहे त्यांना कळेल हा काय प्रकार असतो. वरच्या मजल्यावरून भांडण यायचं, खालच्या मजल्यावरून ‘आम्हाला पण पाठवा’ असा निरोप यायचा, रोहिणी उंबऱ्यातूनच शिंकायची, आणि मी म्हणायची, "काही नाही." रोहिणी त्यांच्या घरातल्या बुद्धमूर्तीपुढची उदबत्ती घेऊन यायची, बाबा ग्रीसचा डबा उघडायचे. काही नाही. बांगड्याचं तिखलं पुठ्ठ्यासारखं लागायचं, सोलकढी नुसती थंड. घावणे तेवढे मी आवडीने खायची, कारण ते मऊ असायचे आणि ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा गारवा जिभेला कळायचा. आई पहिला घावणा माझ्या ताटात टाकायची आणि माझ्याकडे न बघता विचारायची, "कसा झालाय?" मी म्हणायची, "झकास." तिला ठाऊक होतं मी खोटं बोलतेय. ते खोटं आम्हा दोघींना बरं वाटायचं.

मग मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की सानिकाची हजेरी अशीच राहिली तर तिला पुन्हा नववीत बसावं लागेल. ती दीर्घ आजारी आहे असं आरोग्य केंद्राचं प्रमाणपत्र आणलं तर काहीतरी करता येईल. मला एक वर्ष मागे राहण्याचं फार नव्हतं. पण रोहिणी पुढे जाणार आणि मी लहान पोरांत बसणार, हे मला नको होतं. आईचा चेहरा मात्र उजळला, कारण प्रमाणपत्र म्हणजे तिचं घरचंच काम. आम्ही तशाच आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम आईला चांगल्या ओळखायच्या. त्यांनी मला तपासलं, खूप प्रश्न विचारले, मान डोलावली, आणि मग संगणकात माझं नाव काढलं. "परबताई," त्या म्हणाल्या, "ही तर बरी झालीये. नोंद तुमच्याच हातची आहे."

आम्ही घरी आलो. माझ्या आईला मी तेव्हा पहिल्यांदा हरलेली बघितली. तिने रजिस्टर मांडीवर घेतलं, ते पान काढलं आणि त्या टिकेवर बोट ठेवून बसली. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, हा नियम तीच नव्या पोरींना शिकवायची. बाबा म्हणाले, "आसूंदे गो, चूक काय तुझी? चौकटी दोनच होत्यो." आई म्हणाली, "मी विचारलं नाही ना तिला. थर्मामीटरला विचारलं." मग ती पदराने डोळे पुसून उठली, माझी कंपासपेटी उघडली, पट्टी आणि लाल पेन घेतलं, आणि ‘दगावले’च्या उजवीकडे जी समासाची जागा होती तिच्यात वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ‘अजून नाही’. पान उलटलं, पुन्हा रेघ. सगळ्या रजिस्टरला तिने त्या दुपारी तिसरा रकाना काढला. माझी पट्टी तिने परत दिली नाही, ती नंतर कायम तिच्या पिशवीतच असायची.

दुसऱ्या दिवसापासून आई पुन्हा त्याच घरांत गेली, ज्या घरांतल्या मुलांपुढे टिक होती. सुरुवातीला काही मिळेना. "पोरगं कसंय?" म्हटलं की बायका म्हणायच्या, मस्त. आजारी पोराचं कोण सांगतं? मग आईने प्रश्न बदलला. ‘कसा आहे’ हे विचारायचंच नाही. "खेळायला खाली जातो का? आंघोळ झाल्यावर झोपतो का? आवडीची भाजी सोडली का?" आणि मग दारात उभ्या असलेल्या बाया एकदम खाली बसायच्या. मागच्या गल्लीत आदित्य नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता, क्रिकेटवेडा. आईने विचारलं खेळतो का, तर त्याची आई म्हणाली, खेळतो की. आईने खाली जाऊन बघितलं. तो स्टुलावर बसून अंपायरिंग करत होता. तापापासून त्याला बॅट उचलवत नव्हती, तेव्हा पोरांनी त्याला अंपायर केलं होतं, आणि तो बसल्या बसल्या सगळ्यांना आऊट देत होता. आईने तिसऱ्या रकान्यात टिक केली आणि त्याला आमची ‘घंटी’ही समजावून दिली. अशा टिका वाढत गेल्या, दोन्ही हातांच्या बोटांवर मावेनात. आई संध्याकाळी येऊन मला सांगायची, आज अजून एक. तिला वाईट वाटायचं, आणि मला, खरं सांगते, आनंद व्हायचा. मी एकटी नव्हते.

डॉक्टर मॅडमनी ती यादी स्वतःच्या पत्रासोबत वर पाठवली. दोनदा उत्तर आलं नाही, तिसऱ्यांदा महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या मोठ्या साहेबांनी त्यांच्या कचेरीत बैठकीला बोलावलं. मुलांना घेऊन या, असं लिहिलं होतं. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही सगळे रिक्षांनी तिथे पोहोचलो. बैठक चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर पाटी: लिफ्ट बंद आहे. सगळ्या आया जिन्याकडे बघायला लागल्या. बाबांचे डोळे मात्र चमकले. त्यांनी दाराला कान लावला, फटीतून आत बघितलं, आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात लग्नकार्यातसुद्धा असायचा. "दरवाज्याचो कॉन्टॅक्ट गेलोहा. धा मिनटांचा काम आसा."

"हात लावू नका," आई म्हणाली.

"अगो पण धा मिनटां..."

"बंदच राहू दे." आणि ती तिथल्या शिपायाकडे वळली. "भाऊ, वर जाऊन साहेबांना सांगा, मुलं आली आहेत, पण चार मजले चढू शकत नाहीत. बैठक याच विषयावर आहे. तेव्हा साहेबांनीच खाली यावं."

शिपाई हसला, पण गेला. बाबा लिफ्टसमोर उभे राहिले. उपाशी माणसासमोर ताट ठेवून त्याला जेवू नको म्हणावं, तशी त्यांची अवस्था होती. तळमजल्यावर दवाखाना होता आणि त्या दिवशी नेमका तान्ह्या बाळांच्या लसीकरणाचा वार. एका टोकाला बाळं किंचाळत होती, दुसऱ्या टोकाला आमच्यासाठी नर्सबाईंनी चटया टाकल्या. आम्ही सगळी मुलं रांगेत आडवी झालो. आदित्य तर दोन मिनिटांत घोरायला लागला. थोड्या वेळाने साहेब आले, मागे फायली घेतलेली तीन माणसं. साहेब वयस्कर होते, चार मजले उतरून त्यांनाच दम लागला होता. त्यांना बसायला बाळांच्या वजनकाट्याशेजारचं बुटकं बाक मिळालं. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि डॉक्टर मॅडमना विचारलं, "यांना नक्की काय होतंय? दिसायला तर ठीक आहेत."

मॅडम बोलायला लागणार तेवढ्यात मी उठून बसले. कुठून बोलले मला माहीत नाही. "सर, लिफ्टपण दिसायला ठीकच आहे."

आईने माझा हात दाबला, तो शाबासकी म्हणून की गप्प बस म्हणून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. साहेबांनी वळून लिफ्टच्या पाटीकडे बघितलं, मग वर जिन्याकडे, आणि ते हसायला लागले, चांगले पोटभर. मग म्हणाले, "बोल, बाळा." मी बोलले. बाबांची घंटी सांगितली. वाकडी होणारी अक्षरं सांगितली. म्हटलं, आम्हाला शाळा चुकवायची नाहीये, अर्धा दिवस जमतो, पण अर्ध्या दिवसाची हजेरीच लावत नाहीत, मग त्या नादात पूर्ण बसतो आणि पुढचा आठवडा जातो. आईने रजिस्टर उघडून साहेबांच्या मांडीवर ठेवलं. ते लाल रेघेवरून बोट फिरवत बराच वेळ वाचत राहिले. "हा रकाना कोणी काढला?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मी. नियमात बसत नाही, माहितीय मला. पण आधीच्या चौकटीत माझी पोरगी बसत नव्हती."

बैठक संपल्यावर आईने बाबांकडे बघून नुसती मान हलवली. बाबांनी दहा नाही, सात मिनिटांत लिफ्ट चालू केली. साहेब, फायलीवाले, शिपाई, कौतुकाने दोन नर्सबाई, सगळेच एकदम आत चढले आणि घंटी वाजायला लागली. त्या आवाजाने आदित्य दचकून जागा झाला आणि अर्धवट झोपेतच विचारता झाला, "कोणाची वाजली?" साहेब हात वर करून म्हणाले, "माझी," आणि बाहेर आले.

अशा कथेत लगेच सगळं बदलतं. आमच्याकडे वेळ लागला. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला, आईने पाठपुरावा करून लोकांच्या नाकीनऊ आणले, आणि वर्ष संपायला थोडे दिवस राहिले असताना परिपत्रक आलं. आमच्या वॉर्डापुरतंच होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मुलाला अर्ध्या दिवसाची पूर्ण हजेरी, शाळेत आडवं व्हायला जागा, आणि दर महिन्याला सेविकेची भेट. मुख्याध्यापिकाबाईंनी ग्रंथालयाच्या कपाटामागे स्वतःच्या घरची गादी आणून टाकली. तिथे आडवं पडून मी नववीची परीक्षा दिली, मधेमधे डोळे मिटत, आणि दहावीत रोहिणीच्या शेजारी बसले. ती निकालाच्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त नाचली, मला नाचायची परवानगी नव्हती. त्याच सुमारास नवीन रजिस्टरं आली. छापील. दोनच्या जागी तीन रकाने. आईच्या शब्दांऐवजी काहीतरी लांबलचक छापलं होतं. आई म्हणाली, "माझंच बरं होतं." पण ते पान तिने शेजारणींना फिरवून फिरवून दाखवलं.

त्या नव्या रजिस्टरमधली आमच्या घरची पहिली भेट. संध्याकाळची वेळ, आई पिशवी घेऊन बाहेर गेली, दार ओढलं, कडी वाजवली. बाबांनी दार उघडलं. "नमस्कार. आरोग्य केंद्रातून आलेय." ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली, अगदी परक्या घरात बसतात तशी, टोकावर. जिने किती चढतेस, झोप कशी आहे, डोकं दुखतं का. मी उत्तरं देत होते. तेवढ्यात खाली कुठेतरी खिडकी आपटली, मग दुसरी, मग वरची. बाबा आमची लावायला उठले. "वास?" आईने पुढचा प्रश्न विचारला, मान खाली घालूनच, कारण उत्तर तिला पाठ होतं.

"आई," मी म्हटलं, "घाण येतेय."

पेन थांबलं. मी पुन्हा श्वास घेतला. कुजकट, आंबूस, पोटात ढवळणारी, अस्सल घाण. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणी, काही आवरेना. आई उठली, बाबांना बाजूला केलं आणि ते लावत होते ती खिडकी सताड उघडली. मग स्वयंपाकघरातली. मग दार. वरून आवाज आला, "परबीणबाई, खिडकी लावा, डोकं फिरलंय का?" आई खिडकीतून वर बघून म्हणाली, "आज नाही लावणार." ती काय बोलतेय ते रोहिणीला समोरच्या दारातून कळलं, आणि तिनेही तिच्या घरची खिडकी उघडली, नाक दाबून, हसत.

मग आई परत खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. डोळे पुसले, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पेन पहिल्या रकान्यावर आणलं. पण टिक केली नाही. माझ्याकडे बघितलं. "बरी लिहू?"

मी जरा विचार केला. तिसरा मजला अजून माझ्याने चढवत नव्हता. "नको," मी म्हटलं. "अजून नाही."

आईने मान डोलावली. तिसऱ्या रकान्यात टिक केली, आणि पिशवीतून माझी पट्टी काढून, समासात, सरळ ओळीत लिहिलं: वास आला.